वास घाण, काम महान!

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा बरं.

तुमच्या दप्तरातली वही, पायातली चामड्याची चप्पल आणि बाबांची काळी सुती पँट. या तिघांचं एकमेकांशी नातं काय?

वही बांबूच्या नाहीतर लाकडाच्या लगद्याची, चप्पल म्हशीच्या कातड्याची आणि पँट आपल्या शेतातल्या पांढऱ्या कापसाची. तिघांचं कुळ वेगळं, गाव वेगळं. पण तिघांच्याही जन्माच्या वेळी बहुतेक करून एक पाहुणा हजर असतो. तो पिवळसर रंगाचा असतो, पाण्यात चटकन विरघळतो आणि त्याच्याजवळ गेलं की सडक्या अंड्याचा वास येतो. त्याचं नाव सोडियम सल्फाइड.

नाव जड वाटतं ना? चला, मग त्याची ओळखच करून घेऊ.

नावातच सगळं आलं

सोडियम हा एक धातू आहे. पण लोखंड-तांब्यासारखा टणक नाही बरं का! चाकूने लोण्यासारखा कापता येतो इतका मऊ. आणि स्वभाव असा तापट, की पाण्यात टाकला तर फडफडत पेट घेतो. म्हणून तो प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. अशा धातूंच्या घराण्याला अल्क धातू म्हणतात. लिथियम, पोटॅशियम हे त्याचे भाऊबंद. आपण रोज जेवणात मीठ खातो, त्यातही हाच सोडियम असतो. पण तिथे तो क्लोरीनशी जोडला गेल्यामुळे अगदी शहाण्यासारखा वागतो.

दुसरा गडी म्हणजे गंधक. नावातच 'गंध' आहे, पण गंमत अशी की शुद्ध गंधकाला जवळजवळ वासच नसतो! तो जळला किंवा दुसऱ्या कोणाशी जोडला गेला, की मग वास सुटतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ, लसणाचा उग्र दर्प, केस जळाल्याचा वास, या सगळ्यांमागे गंधकाची संयुगं असतात. घरातल्या गॅस सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा असा वास नसतो. गळती झाली तर लगेच कळावं, म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचं एक वासाचं संयुग मिसळतात.

सोडियमचे दोन अणू आणि गंधकाचा एक अणू एकत्र आले, की सोडियम सल्फाइडचा एक रेणू तयार होतो.

रूप आणि गुण

अगदी शुद्ध सोडियम सल्फाइड पांढरं असतं. कारखान्यात येतं ते मात्र पिवळ्या किंवा लालसर तपकिरी पापुद्र्यांच्या रूपात. त्यात साधारण साठ टक्केच सोडियम सल्फाइड असतं, बाकी बरंचसं पाणी. रंग येतो तो थोड्याफार भेसळीमुळे. शुद्ध पदार्थ वितळवायचा तर सुमारे ११७५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पाण्यात मात्र तो लगेच विरघळतो. २० अंश तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण १८ ते १९ ग्रॅम आणि पाणी गरम केलं तर आणखी जास्त.

याचे स्फटिकही मिळतात. त्यांच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे नऊ रेणू चिकटलेले असतात. सातवी-आठवीच्या मुलांनी वही-पेन्सिल घ्यावी. सोडियमचा अणुभार २३, गंधकाचा ३२. म्हणजे २३ अधिक २३ अधिक ३२ मिळून झाले ७८. पाण्याच्या रेणूचा भार १८, असे नऊ रेणू म्हणजे १६२. एकूण झाले २४०. आता २४० पैकी १६२ म्हणजे किती टक्के? साडेसदुसष्ट! म्हणजे हातात कोरडा वाटणारा तो स्फटिक निम्म्याहून जास्त पाणीच असतो.

सोडियम सल्फाइडचं द्रावण खूप तीव्र अल्क असतं. लाल लिटमस निळा करतं, हळदीचा कागद लाल करतं. कातडीला लागलं तर भाजतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती. उघडं ठेवलं की ते हवेतला ओलावा शोषून घेतं. हवेतला कार्बन डाय ऑक्साइडही त्याच्यावर काम करतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू थोडा थोडा सुटू लागतो. सडक्या अंड्याचा वास तो याचाच! या वायूबद्दल पुढे नीट बोलायचं आहे, कारण तो भलताच धोकेबाज आहे.

भट्टीतला जन्म

सोडियम सल्फाइड बनवायची कारखान्यातली जुनी रीत समजायला सोपी आहे. सोडियम सल्फेट नावाचा क्षार घ्यायचा, त्यात कोळशाची भुकटी मिसळायची आणि भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायचं. तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं.

आत काय घडतं? सोडियम सल्फेटच्या रेणूत सोडियमचे दोन, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. कोळशातला कार्बन हा ऑक्सिजनचा मोठा हावरा! कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो आणि कार्बन डाय ऑक्साइड होऊन उडून जातो. कार्बनचे दोन अणू मिळून चारही ऑक्सिजन घेऊन गेले, की मागे उरले सोडियमचे दोन आणि गंधकाचा एक. म्हणजेच सोडियम सल्फाइड! थंड झालेला गोळा पाण्यात विरघळवून गाळतात, पाणी आटवतात आणि पापुद्रे पाडतात.

दुसरी रीत म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा. यात तो विषारी वायू पकडलाही जातो आणि उपयोगी पदार्थही हाती येतो. एका दगडात दोन पक्षी!

आपल्या शेजारचं लोणार

कारखान्याची भट्टी नसतानाही निसर्ग हे काम थोड्या प्रमाणात करतो. आणि ते बघायला फार लांब जायला नको. आमच्या आसेगावहून पश्चिमेला निघालं, की वाशिम आणि रिसोड ओलांडून पुढे बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागतं.

उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पण आपल्या लोकांना हे सरोवर त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. काठावरची जुनी देवळं त्याची साक्ष देतात. अकबराच्या काळातल्या 'ऐने अकबरी' ग्रंथातही या भागातल्या क्षारांचा उल्लेख आहे. काच आणि साबण बनवायला ते कामी येत.

लोणारचं पाणी खारट तर आहेच, पण धुण्याच्या सोड्यासारखं अल्कही आहे. सरोवराच्या काठच्या काळ्या चिखलाजवळ गेलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. तळाच्या गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे राहणारे काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटमधला ऑक्सिजन वापरून जगतात. आपण श्वासासाठी हवा वापरतो, ते सल्फेट वापरतात म्हणा ना! मागे उरतं ते सल्फाइड. पाण्यात सोडियम भरपूर आणि गाळात सल्फाइड तयार होतंय. म्हणजे भट्टीत कोळसा जे काम करतो, तेच इथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू गुपचूप करतात. तेही ९०० अंश तापमानाशिवाय!

जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं, ते आठवतंय का? पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठाची आवड असणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला.

बांबूची वही कशी होते?

आता आपल्या पाहुण्याच्या कामांकडे वळू. पहिलं काम कागदाचं.

विदर्भात कागद म्हटलं, की चंद्रपूर जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं बल्लारपूर आठवतं. तिथल्या गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि जंगलातला बांबू तिथे कागद होऊन बाहेर पडू लागला.

बांबू इतका कडक का असतो? त्यात सेल्युलोजचे बारीक, लांब धागे असतात आणि लिग्निन नावाच्या डिंकाने ते एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. विटा आणि सिमेंट असतं ना, तसंच. कागदाला हवेत फक्त धागे. डिंक काढायचा, पण धागा तुटता कामा नये. नुसत्या कॉस्टिक सोड्यात शिजवलं तर वेळ जास्त लागतो आणि धागेही कमजोर होतात.

यावर १८७९ च्या सुमारास कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने तोड काढली. त्याने कॉस्टिक सोड्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड घातलं. बंद टाकीत १६० ते १७० अंशांवर काही तास शिजवलं, की लिग्निन विरघळून जातो आणि धागे जवळजवळ शाबूत राहतात. या कागदाला 'क्राफ्ट' नाव पडलं. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. दुकानदार सामान देतो ती खाकी पिशवी, खोक्यांचा पुठ्ठा, हे सगळं क्राफ्टच.

याच्या पुढचा भाग तर आणखी छान आहे. शिजवल्यावर उरलेलं काळं पाणी फेकून देत नाहीत. ते आटवून भट्टीत जाळतात. त्यातला लिग्निन सरपणासारखा जळतो आणि त्या उष्णतेवर गिरणीला लागणारी वाफ आणि वीज तयार होते. त्याच भट्टीत वरून घातलेल्या सोडियम सल्फेटमधला ऑक्सिजन कार्बन काढून घेतो आणि पुन्हा तयार होतं सोडियम सल्फाइड! त्यात चुन्याच्या मदतीने कॉस्टिक सोडाही परत मिळवतात. म्हणजे तीच रसायनं पुन्हा पुन्हा कामाला. शेतातला काडीकचरा खत होऊन शेतातच जावा, तसा हा प्रकार.

अशा गिरणीच्या आसपास कुबट, सडलेल्या कोबीसारखा वास येतो. तो शिजवताना सुटणाऱ्या गंधकाच्या वायूंचा. हे वायू पकडून जाळून टाकायची यंत्रं नीट चालली, तर वास बराच कमी होतो.

केस जातात, कातडं राहतं

दुसरं काम चामड्याचं. कातड्यावरचे केस काढल्याशिवाय चामडं होत नाही. केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याला केराटिन म्हणतात. आपले केस, नखं, गाईची शिंगं, कोंबडीची पिसं, सगळं केराटिनच. केराटिनच्या लांब साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात. म्हणून तर केस जळाला की तसा वास येतो!

सोडियम सल्फाइड हे पूलच तोडतं. पूल तुटले की केस मऊ चिखलासारखा होऊन गळून पडतो. मग कातडं का विरघळत नाही? कारण ते कोलॅजेन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं असतं आणि त्यात असे गंधकाचे पूल जवळजवळ नसतातच. नुसत्या चुन्यात ज्या कामाला बरेच दिवस लागत, ते चुना आणि सोडियम सल्फाइड मिळून एखाद्या दिवसात होतं.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कातडी चुन्यात भिजवून, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावली जायची. कोल्हापुरी चप्पल त्याच परंपरेतली. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुलांनो, एक गोष्ट विसरू नका. हे घाण वासाचं, कष्टाचं काम ज्यांनी केलं, त्या कारागिरांना गावाने शेकडो वर्षं वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हातच्या वहाणा सगळ्यांना चालल्या, मोट ओढायची चामडी पखालही चालली, फक्त माणूस चालला नाही. कातडं, चुना, बाभूळ यांचे गुण न शिकता ओळखणारी ती माणसं खरं तर आपले जुने रसायनतज्ज्ञच होती.

आजच्या कारखान्यांपुढचा प्रश्न सांडपाण्याचा आहे. सल्फाइड असलेलं पाणी नदीत गेलं तर ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. म्हणून आधी पाण्यात हवा खेळवून सल्फाइड नष्ट करावं लागतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत सल्फाइडऐवजी विकरं, म्हणजे एन्झाइम वापरून केस काढण्याच्या पद्धतींवर काम झालं आहे.

काळा रंग पक्का कसा बसतो?

तिसरं काम कापसाचं. सुती कापडाला काळा रंग द्यायला गंधकी रंग खूप वापरतात. हा रंग पाण्यात विरघळत नाही. मग तो धाग्याच्या आत शिरणार कसा? सोडियम सल्फाइड त्याचं रूप तात्पुरतं बदलतं, तेव्हा तो विरघळतो आणि धाग्यात शिरतो. नंतर कापड हवेत धरलं किंवा त्यावर दुसरं रसायन वापरलं, की रंग पुन्हा मूळ न विरघळणाऱ्या रूपात येतो. पण आता तो धाग्याच्या आत अडकलेला असतो! म्हणून आई कितीही घासो, धुण्यात तो सहजासहजी जात नाही.

आणखी दोन छोटी कामं सांगतो. घरात पणजोबांचा तपकिरी छटेचा जुना फोटो असेल तर बघा. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे बारीक कण असतात. सोडियम सल्फाइडच्या द्रावणाने त्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करता येतं. त्याने फोटो तपकिरी होतो आणि जास्त टिकतो. आणि कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं, पारा यांसारखे विषारी धातू असतील, तर सल्फाइड त्यांना धरून तळाशी बसवतं. मग गाळ काढून टाकता येतो.

नाकाला फसवणारा वायू

आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, "सर, वासच येतो ना? मग नाक दाबून काम करायचं!" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर नीट ऐका.

सोडियम सल्फाइडवर आम्ल पडलं, की हायड्रोजन सल्फाइड वायू भसाभसा निघतो. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी आपल्या नाकाला तो कळतो. पण हेच प्रमाण शंभरच्या आसपास गेलं, की थोड्या वेळात नाक बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, चला, गेला वायू! प्रत्यक्षात तो वाढत असतो. पाचशे ते हजारांच्या घरात गेला, तर माणूस काही मिनिटांत कोसळतो. म्हणून नाकावर भरवसा नाही. रुमाल बांधूनही उपयोग नाही.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खोल जागेत साचतो. गटाराचं चेंबर, संडासाची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, अशा ठिकाणी. एक जण आत कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातली माणसं जातात. अशा बातम्या पेपरात अजूनही येतात. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ मध्ये देशात कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. पण गेलेला बाप काही पैशाने परत येत नाही. यंत्र हाताशी असताना माणूस आत उतरवायचाच कशाला?

तेव्हा हे पाठ करा. बुजलेली किंवा बरेच दिवस बंद असलेली विहीर, टाकी, चेंबर यात कधीही उतरायचं नाही. कंदील सोडून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणून आत विष नाही असं होत नाही. उलट गोबरगॅससारख्या जागी ज्योत नेली तर भडकाच उडेल. कोणी आत पडलं तर आपण उतरायचं नाही. आरडाओरडा करून मोठी माणसं जमवायची आणि ११२ नंबर लावायचा.

घरी करून पाहा

सोडियम सल्फाइड घरी आणायचं नाही. पण गंधकाची करामत स्वयंपाकघरातही दिसते. आई-बाबांना सोबत घ्या.

१. एक अंडं दहा मिनिटं आणि दुसरं अर्धा तास उकडा. दुसरं कापलं, की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडं दिसेल. पांढऱ्या भागातला गंधक आणि बलकातलं लोह यांची ही जोडी, म्हणजे आयर्न सल्फाइड.

२. काळे पडलेले चांदीचे पैंजण घ्या. खडे-मोती असलेले नकोत. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल अंथरा, त्यावर पैंजण ठेवा. एकेक चमचा खायचा सोडा आणि मीठ घाला. उकळतं पाणी मोठ्यांनीच ओतावं. चांदीला चिकटलेला गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि पैंजण उजळतात. नाक जवळ न नेताही किंचित ओळखीचा वास येईल!

३. पांढऱ्या कागदाला ओली हळद लावून वाळवा. त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका. कागद लाल झाला? मग ते अल्क आहे.

सांगा पाहू!

१. केस विरघळतो पण कातडं का नाही?
२. सोडियम सल्फेटमधले चार ऑक्सिजन न्यायला कार्बनचे किती अणू लागतात?
३. लोणारच्या गाळात भट्टीचं काम कोण करतं?
४. वास येईनासा झाला, तर धोका टळला असं म्हणता येईल का?

पहिल्या तिघांची उत्तरं वहीत लिहा. चौथ्याचं उत्तर मात्र आज घरी सगळ्यांना मोठ्याने सांगा. शेतावर विहीर असणाऱ्या काका-मामांना तर आधी सांगा.